सहा गॅलनांचे अभ्यंगस्नान

‘आंघोळीचे पाणी तापले आहे’ हे मराठी भाषेतले सर्वांत मंगल वाक्य आहे, असे माझे गेली वीस वर्षे ठाम मत आहे. वर्गात मी ते बोलून दाखवीत नाही. मुले लगेच उतरवून घेतात आणि परीक्षेत ‘सरांच्या मते’ म्हणून माझ्याच माथी मारतात. पण आपण दिवाळी अंक वाचीत बसला आहात, अंगाला अजून उटण्याचा वास असेल, तेव्हा आपल्याला हे पटायला हरकत नाही.

गेल्या काही वर्षांत हे वाक्य आमच्या घरातून नाहीसे झाले. भिंतीवर गिझर आला, बटण दाबले की पाणी तापते, आणि ते तापल्याची वार्ता कोणी कोणाला देत नाही. ते वाक्य मला पुन्हा ऐकायला मिळाले २०२४ सालच्या ऑक्टोबरात, तेही अमेरिकेत, ग्रँड कॅन्यनच्या काठावर, पहाटे पाच वाजता.

झाले असे की, माझा धाकटा भाऊ ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहरात राहतो. त्याने दिवाळीच्या सुट्टीत आईला आणि आम्हा उभयतांना बोलावून घेतले. आईचे वय पंचाहत्तर. तिने पुण्याहून निघताना दोन गोष्टी सामानात सर्वांत वर ठेवल्या होत्या : कालनिर्णय आणि हिंगाची डबी. या दोहोंनीही पुढे पराक्रम केला.

धाकट्याने भाड्याने एक आर.व्ही. घेतली. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. पुढे ट्रकचे तोंड आणि मागे दीड खोलीचे बिऱ्हाड. त्यात शेगडी, फ्रीज, झोपायच्या फळ्या, भट्टी म्हणजे हवा गरम करणारे यंत्र, आणि कपाटाएवढी मोरी. आईने आत पाऊल टाकून चौफेर पाहिले आणि म्हणाली, “आपल्या सदाशिव पेठेतल्या जागेपेक्षा मोठं आहे की रे!” ते काही अगदीच खोटे नव्हते.

गाडी देणाऱ्या इसमाने अर्धा तास सर्व यंत्रे समजावून सांगितली. धाकटा ते फोनवर टिपत होता, म्हणून मी लक्ष दिले नाही. आणि मी मोठा भाऊ तिथे उभा आहे, म्हणून त्यानेही दिले नाही. गॅसची टाकी भरलेली आहे असे तो इसम म्हणाला. दिवे पाहिले तर ती दोन-तृतीयांशच होती. हेही आम्ही वाटेत पाहिले.

या गाडीचे सारे अर्थशास्त्र प्रोपेन नावाच्या गॅसवर चालते. आपल्या स्वयंपाकघरातल्या बाटल्यात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहू लागते, वायू होत नाही. प्रोपेन मात्र उणे बेचाळीस अंशांपर्यंत उकळत राहते, म्हणून थंड मुलखात त्याचाच भरवसा. गाडीच्या पोटाखाली त्याची टाकी, आणि तिला चार तोंडे लागलेली : शेगडी, फ्रीज, भट्टी आणि पाणी तापवायचा बंब. होय, बंबच. कारण आमच्या गाडीतले ते यंत्र सहा गॅलनांचे होते. सहा गॅलन म्हणजे तेवीस लिटरांच्या आत, आणि आम्ही माणसे सहा. माणशी एक गॅलन. धड एक बादलीही नव्हे.

बादली हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. पगार हाही त्यांनीच दिला. दोन्ही भरल्या भरल्या रिकामे होतात, हा योगायोग नसावा.

फीनिक्समध्ये ऑक्टोबरअखेरही पंखा लागतो. तिथून उत्तरेला पावणेचारशे किलोमीटर चढत गेले की ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ येतो. तो सात हजार फुटांच्या आसपास उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. हा काठ त्याच्याही वर चार-साडेचारशे मीटर. दुपारी सुरेख ऊन, आणि सूर्य बुडाला की थंडी अशी की दारची कडी हाताला चिकटते. कॅन्यनविषयी मी लिहिणार नाही. मैलभर खोल दरी शब्दांत मावत नाही असे सगळे लिहितात आणि मग दहा पाने मावेल तितकी मावतात. आई काठावर पाच मिनिटे उभी राहिली, हात जोडले, आणि म्हणाली, “चला, संध्याकाळच्या आत परत फिरू. पाणी तापवायचंय.”

आम्हाला जागा मिळाली होती ती मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये. झाडी दाट, हरणे दारात येतात, पण तिथे गाडीला वीज जोडायची सोय नाही. तशी सोय असती तर बंबातला विजेचा गज पाणी तापवतो आणि गॅस वाचतो. इथे सर्व मदार गॅसवर. शिवाय गाडीत पाणी आपण आणू तेवढेच, आणि वापरलेले पाणीही गाडीच्याच पोटात दुसऱ्या टाकीत साठते. ते जमिनीवर सोडायचे नाही. ती टाकी भरली की पाण्याला जायला जागा नाही, मग ते मोरीत परत वर येऊन पायाला लागते. तेव्हा इथे अंगावर पाणी घेणे म्हणजे एकाच वेळी तीन टाक्यांचा हिशेब ठेवणे. कॉलेजात मी वेळापत्रक समितीत आहे. मला स्फुरण चढले.

पहिल्या रात्री भट्टी पंचाहत्तरवर लावून आम्ही निवांत झोपलो. अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये मोजतात. पंचाहत्तर म्हणजे आपले चोवीस. मी तर रात्री पांघरूण काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंगाने पराक्रम केला. आई वरच्या कपाटातून काही काढीत होती, आणि एकाएकी भावजय किंचाळली, “गॅस! गॅस गळतोय!” प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. तो उग्र वास आम्हा सर्वांना आला. भावजय मोठी हुशार. तिने दिव्याच्या बटणाला कोणाला हात लावू दिला नाही, सगळ्यांना बाहेर काढले, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. आम्ही सहाजण शाली गुंडाळून थंडीत उभे. दहा मिनिटांनी धाकट्याच्या ध्यानात आले की प्रोपेन हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून त्याचा भोंगा जमिनीलगत बसवलेला आहे. आणि तो भोंगा तर गप्प आहे. मग वास वर कपाटाशी का? आईने शालीतून हात बाहेर काढला. हातात हिंगाची डबी, झाकण निसटलेले. हिंगाच्या वासामागेही गंधकाचीच संयुगे असतात, हे शास्त्र मला त्या थंडीत समजले. आई एवढेच म्हणाली, “चांगला बांधानी आहे. वास येणारच.”

पण त्या धावपळीत धाकट्याने पट्टीवरचे दिवे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. दोन-तृतीयांशाचा दिवा विझला होता. एक-तृतीयांशाचा तेवढा लागत होता. आणि दुसऱ्या दिवशी, ३१ तारखेला, नरक चतुर्दशी. धाकटा म्हणाला, “आई, इथल्या वेळेप्रमाणे तिथी मागेपुढे होते. आजच होऊन गेली असेल.” आईने कालनिर्णय उघडून त्याच्यापुढे धरले. छापील पुराव्यापुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही.

“आंघोळी फार होतात आपल्या,” धाकटा म्हणाला. “काल सहाजणांनी केल्या, आज सकाळी परत. गॅस जाणार नाही तर काय!”

मी लगेच मान डोलावली. कॅम्पात नाणी टाकून आंघोळ करायची जागा होती, पण ती पहाटे पाचला उघडी नसते. आणि उघडी असती तरी आई तिथे गेली नसती. “पैसे टाकून पाणी? आणि दिवाळीचं?” असे ती आधीच म्हणाली होती. तेव्हा मी कागद घेतला आणि वेळापत्रक आखले. बंब पहाटे साडेचारला लावायचा. तीन माणसे झाली की वीस मिनिटे थांबायचे, पुन्हा तापू द्यायचे, मग उरलेली तीन. प्रत्येकाने अमेरिकन आरमारातल्या पद्धतीने आंघोळ करायची : अंग भिजवा, नळ बंद करा, उटणे-साबण लावा, मग धुऊन घ्या. नळाला ऊन पाणी येईपर्यंतचे गार पाणी भांड्यात धरा; ते चहाला. वेळ माणशी पाच मिनिटे. क्रम : पुतण्या, धाकटा, मी, मग सौ., भावजय, आई.

हा क्रम मी कसा लावला ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप चालला. कोणी हरकतही घेतली नाही. आई म्हणाली, “मी शेवटीच करते. मला काय घाई आहे?”

पहाटे बाहेर सारे गोठलेले होते. बंबाचे बटण दाबले तर तांबडा दिवा लागला, म्हणजे ठिणगी पडून जाळ धरला नाही. धाकट्याचा जीव वर गेला. बटण बंद करून पुन्हा लावले, आणि गाडीच्या कुशीतून एकदम ‘भक्’ असा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. बंबात चिपाडे, नारळाच्या करवंट्या घालून वर रॉकेलचा बोळा टाकला की असाच आवाज येत असे. वीस-पंचवीस मिनिटांनी आईने मोरीचा नळ सोडून हात लावून पाहिला आणि म्हणाली, “उठा रे. आंघोळीचं पाणी तापलंय.”

मग काय विचारता! तेल लावणे, उटणे, मोती साबण, सगळे त्या कपाटाएवढ्या जागेत. कारिटे अमेरिकेत आणता येत नाही, म्हणून पुतण्याने लहान टोमॅटो टाचेखाली फोडला, आणि त्याचा रस थेट भावजयीच्या पांघरुणावर उडाला. फुलबाजी लावायची नाही, कारण गॅसची गाडी आणि सरकारी जंगल. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होता. त्याआधी आम्ही सहाहीजण नरकातून सुटलो.

मोरी पुसायचे काम वेळापत्रकात मी माझ्याकडे घेतले होते. आई बाहेर आली, केस पुसत. सौ.ने विचारले, “आई, पाणी गरम होतं ना?”

“होतं की. कढत होतं.”

मी आत गेलो, फडके धुवायला ऊन पाण्याचा नळ सोडला, आणि हात मागे घेतला. पाणी बर्फासारखे होते. ते आत्ताच गार झाले असेल असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण फरशीवरचे पाणी गार, भिंत गार, आरशावर वाफेचा थेंब नाही. बंबाचे बटण पाहिले. दुसऱ्या खेपेला कोणी ते लावलेच नव्हते. ते काम वेळापत्रकात धाकट्याच्या नावावर होते आणि तो दाढी करीत होता. सौ.ला कोमट मिळाले, भावजयीला त्याहून कमी, आणि आईला हे.

‘कढत होतं.’ हे शब्द मी पूर्वी ऐकले होते.

आमच्या वाड्यातल्या जागेत तांब्याचा बंब होता. घरात माणसे आठ. नियम असा की, बंबातून एक बादली काढली की एक बादली गार वर ओतायची, म्हणजे पुढच्याची सोय होते. सोय होते खरी, पण प्रत्येक खेपेला पाणी थोडे उतरते. आजोबा, वडील, काका, आम्ही मुले, आजी, आणि सर्वांत शेवटी आई. तोवर बंबातला विस्तव राख झालेला. पुन्हा जाळ घालावा तर लाकूडफाटा महाग. वडील वहीत मांडून ठेवीत. १९८५ ते १९९३, नऊ वर्षांच्या दिवाळ्या मला स्पष्ट आठवतात. ती बाहेर येई तेव्हा आम्ही फराळाच्या ताटावर असू. वडील नेमाने विचारीत, “पाणी होतं ना गरम?” आणि ती नेमाने म्हणे, “होतं की. कढत होतं.” वडिलांनी कधी बंबाला हात लावून पाहिला नाही. मीही नाही. मग गिझर आला आणि प्रश्न मिटला असे आम्ही धरून चाललो.

मी धाकट्याला बाहेर बोलावून सांगितले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, पण गॅस खरंच कमी आहे रे. तिला परत तापवून दिलं असतं तर रात्री भट्टीला उरला नसता.”

आमच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन जोडपे होते. त्यांनी घर विकून टाकले आहे. बारा महिने ती ट्रेलर हेच घर. त्यांच्या गॅसच्या दोन लहान टाक्या पुढे उघड्यावर बसवलेल्या. आजोबा दुपारी एका टाकीवर किटलीतले ऊन पाणी ओतीत होते आणि वरून खाली हात फिरवीत होते. जिथे हाताला एकदम गार लागते, तिथवर आत द्रव आहे. आई हे पाहत होती. तिला इंग्रजी येत नाही. ती उठली, ओले फडके आणले आणि त्यांच्या दुसऱ्या टाकीवरून फिरवले. वरचा भाग भराभर वाळला, खाली ओल रेंगाळली, आणि आईने त्या रेषेवर बोट ठेवले. पुण्यातला बाटला ती अशीच तपासते. आजोबांनी तिथेच हात लावून पाहिला आणि तिला कडक सलाम ठोकला.

त्यांनाच आम्ही आमची अडचण सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न केला, “रात्री भट्टी कितीवर असते?” पंचाहत्तर म्हटल्यावर ते हसले नाहीत, आजींना हाक मारून हसायला बोलावले. ती दोघे पंचावन्नवर ठेवतात, आणि वरून दोन गोधड्या.

मग धाकट्याने यंत्रांची पुस्तिका काढली. आपण अमेरिकेत इंजिनियर आहोत हे त्याला तिसऱ्या दिवशी आठवले. भट्टी ताशी तीस हजार उष्णता-एकके खाते, बंब बारा हजार. आणि बंब चालतो वीस-पंचवीस मिनिटे, भट्टी रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. त्याने आकडे मांडले. सहा गॅलन पाणी एकदा तापवायला गॅस लागतो सुमारे शंभर ग्रॅम. भट्टी रात्रीच्या दहा तासांत निम्मा वेळ जळली, तर तीन किलोच्या वर. म्हणजे मी पांघरूण काढून झोपलो त्या एका रात्रीच्या गॅसमध्ये बंब तीस वेळा तापला असता. तीस वेळा! कागदावर तो आकडा बराच वेळ तसाच राहिला. धाकट्याने तो पुन्हा तपासून पाहिला. मी तपासला नाही. मराठीच्या माणसाने तपासून काय होणार. आणि मला तो पटला होता.

त्या दिवशी अमेरिकनांचा हॅलोवीन. संध्याकाळी सांगाड्याचा पोशाख केलेला एक चिमुरडा खाऊ मागायला दारात आला. आईने नरक चतुर्दशीच्या दिवशी यमदूत दारी आल्यासारखे त्याला न्याहाळले, आणि ओंजळभर शंकरपाळे घातले. त्याने तिथेच एक खाल्ला आणि दुसरी ओंजळ पुढे केली.

रात्री भट्टी अठ्ठावन्नवर आणली, म्हणजे आपले चौदा. असतील नसतील ती पांघरुणे काढली, आईला दोन जास्त. मी मफलर बांधून झोपलो. पट्टीवरचा दिवा सकाळी जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. पहाटे बंब मी स्वतः लावला, आणि पाणी तापल्यावर आईला उठवले. “पहिली आंघोळ तुझी.”

“काहीतरीच काय! पोराला घाला आधी. मला काय घाई आहे?”

“आज वेळापत्रकात तसंच आहे,” मी म्हणालो. छापील नसले तरी लिहिलेले होते. ती टॉवेल घेऊन आत गेली.

पाच मिनिटे झाली, सात झाली, दहा झाली. आरमाराची पद्धत तिने पार गुंडाळून ठेवली होती. पाण्याचा आवाज खंडच पडू देत नव्हता. पुतण्या दारावर थाप मारायला निघाला, त्याला भावजयीने मागे ओढले. धाकटा सवयीने घड्याळाकडे पाहत होता. मग त्याने ते उलटे करून ठेवले. दाराच्या फटीतून वाफ बाहेर येत होती.

आई बाहेर आली, चेहरा तांबूस झालेला. सौ.ने विचारले, “पाणी गरम होतं ना, आई?”

“बरं होतं,” आई म्हणाली. “पण शेवटी शेवटी गार यायला लागलं. अजून थोडं असतं ना, तर डोकं नीट निघालं असतं. कालचं तेल राहिलंय अजून.”

धाकटा उठला आणि त्याने बंबाचे बटण दाबले. गाडीच्या कुशीतून ‘भक्’ झाले. आई टॉवेल गुंडाळून फळीवर बसली, आणि आम्ही पाचजण आंघोळीवाचून तिच्या समोर, पाणी तापायची वाट पाहत.